एक बोट आखूड

ताईने आपलं शिलाई मशीन विकायला काढलं, त्या दिवशी माझं डोकं फिरलं. तीस वर्षं आम्ही दोघी बहिणी एकाच दुकानात पाठीला पाठ लावून शिवत आलो. चार महिन्यांपूर्वी भर दुपारी, घर आणि दुकान यांच्यामधल्या बोळात, तोंड बांधलेल्या एकाने तिची पर्स हिसकावली आणि तिला ढकलून दिलं. मोडलेलं मनगट जुळलं, पण ताई त्यानंतर घराबाहेर पडली नाही. पुढच्या रविवारी ती कायमची मुलाकडे निघाली होती.

बोळात एक बंद पडलेला छापखाना आहे. त्याच्या ओट्यावर तीन-चार टगे दिवसभर नशेच्या पुड्या विकत बसायचे. सगळी गल्ली मान खाली घालून लांबचा वळसा घ्यायची. मीही घ्यायचे, खोटं कशाला बोलू.

मग त्याच आठवड्यात आमच्या भागाला नवी हवालदारीण आली. शाळेतल्या बुटक्या बाकांवर आम्हा गल्लीवाल्यांना बसवून ती म्हणाली, "मी दिवसातून दोनदा फेरी मारीन. बाकीचा वेळ तो ओटा त्यांचा की तुमचा, ते तुम्ही ठरवा."

सगळ्यांना एकदम खोकला आला. मला राग आवरत नाही, हा माझा जुना आजार. उद्यापासून मी ओट्यावर शिवायला बसते, असं मी बोलून बसले.

सकाळी दहाला गल्लीतल्या कुलूपवाल्याने आणि मी माझं मशीन उचलून ओट्यावर नेलं. टगे फिदीफिदी हसले. माझी पहिली शिवण वाकडी गेली. दुसऱ्या दिवशी न्हावी खुर्ची आणि आरसा घेऊन आला; म्हणे, इथे उजेड बरा पडतो. आता पुडी घ्यायला येणाऱ्याला आधी आरशात स्वतःचंच तोंड दिसायचं, आणि बरेचजण तिथूनच मागे फिरायचे. कुणी भिंतीला चुना मारला. हवालदारणीने पालिकेत इतके खेटे घातले, की चौथ्याच दिवशी बोळात दिवा लागला. टगे सरकत सरकत पार टोकाला गेले.

पाचव्या दिवशी दुपारी हेल्मेट घातलेला एकजण माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मशीन उचल, नाहीतर तुझंही मनगट मोडीन, म्हणाला.

'तुझंही' म्हणजे? ताईचं मनगट यानेच मोडलं की काय? मी मान खाली घातली, आणि शिंपिणीची नजर जायची तिथेच गेली. पँटची डावी बाजू उजवीपेक्षा एक बोट आखूड, आणि खाली दुहेरी टीप. असं शिवणारी या गावात एकच बाई आहे. शहाण्याने तोंड झाकलं होतं, पण पँट ताईनेच शिवलेली घालून आला होता.

"तुझा डावा पाय एक बोट आखूड आहे," मी मोठ्याने म्हणाले. "ताईच्या वहीत तुझं माप आहे, नाव आहे, पत्ताही आहे. काढ ते टोपडं, उकडत असेल."

त्याने मशीनला लाथ घातली. ते आडवं झालं, चाक तडकलं. पण तोवर कुलूपवाला त्याच्या मागे उभा होता, आणि न्हावी वस्तरा मिटून, शांतपणे, पुढे. तो त्यांना ढकलून पळाला, पण संध्याकाळी हवालदारणीने वहीतल्या पत्त्यावर जाऊन त्याला घरून उचललं. पर्स माळ्यावर सापडली. तरी ताईने चौकीवर येऊन जबाब द्यायला हवा, असं ती म्हणाली.

मी घरी गेले. ताई बॅग भरत होती. चौकी म्हणताच तिने नाही म्हणून मान हलवली. मग मी पँटचं सांगितलं. ती थांबली.

"माझ्या हातची पँट?"

"तुझीच दुहेरी टीप."

"त्याचा पाय फरफटलेला दिसू नये म्हणून मी ती तीनदा उसवली होती." ताईचा आवाज थरथरला. भीतीने नव्हे, मला ओळखू येतं. "तीनदा. आणि त्याने मला ढकललं."

तिने चपला घातल्या. मी सवयीने लांबच्या रस्त्याला वळले, तर ती बोळात शिरलीसुद्धा. टोकाचे टगे बघत होते. तिनेही त्यांच्याकडे बघितलं, खालपासून वरपर्यंत, माप घेतल्यासारखं.

ओट्याशी येऊन ती तडकलेल्या चाकावरून हात फिरवत राहिली.

"उद्या माझं मशीन इथे आणून ठेव," ती म्हणाली. "आणि त्या गिऱ्हाइकाला कळव, विकायचं नाही."