कढईला घाम फुटला, सुनेला चटका

स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. ओट्यावर ओल्या कापडांखाली बिडाच्या दोन कढया रात्रभर ठेवल्या होत्या. एक सासूची, एक सुनेची. सासूने बोलावलेल्या बुवाने कापडं उचलली. सासूची कढई काळी कुळकुळीत. सुनेच्या कढईत लाल पाणी!

"रक्त!" बुवा गरजला. "लोखंड खोटं बोलत नाही, बाई! हिनेच तुझ्या लेकाला खाल्लं."

लेक पंधरा दिवसांपूर्वी तापाने गेला होता. औषध बंद करून मंतरलेलं पाणी पाजायला याच बुवाने सांगितलं होतं, पण ते कोण बोलणार?

"आई, मी काही नाही हो केलं," सून म्हणाली.

"कबूल कर आणि चालती हो. तुझी पोरगी इथेच राहील," सासू म्हणाली.

बुवाने तीच कढई शेगडीवर तापवली आणि सुनेचा उजवा तळवा तिच्यात दाबला. तिला धरून ठेवायला शेजारणी धावल्या. सुनेने कबूल केलं. तुम्हीही केलं असतं.

मी शेजारचाच, कारखान्यात बीड ओततो. रात्रपाळी संपवून पोचलो तेव्हा तिच्या हाताची कातडी कढईला चिकटली होती.

"बुवा, आता तुमच्या घरची कढई मागवा," मी म्हणालो.

"कशाला?"

"पुण्यवान माणसाला भीती कसली?"

चारचौघांत नाही म्हणायची सोय नव्हती. कढई आली. बुवाच्याच 'शुद्धीच्या' वाळूने मी ती खसाखसा खरवडली, त्याचंच मंतरलेलं पाणी शिंपडलं, ओलं कापड टाकलं. दुपारपर्यंत तीही लाल.

"बोला, तुम्ही कोणाला खाल्लं?"

बुवा दाराकडे सरकला. मग मीच सांगितलं. बिडाला तेल चोळून तापवत राहिलं की काळा थर चढतो आणि तो गंज रोखतो. सासूच्या कढईवर तीस वर्षांचा थर होता, ती बुवाने नुसती पुसली. सुनेची मात्र वाळूने उघडी केली. पाण्यात मीठ आणि व्हिनेगर होतं, मी चाखून पाहिलं होतं. लेकाला औषधाऐवजी पाजलं तेही हेच.

सासू सुनेच्या पाया पडायला वाकली. सून मागे सरकली.

"पोरीचे कपडे द्या," एवढंच म्हणाली आणि डाव्या हाताने पोरीला उचलून निघून गेली.

आता माझंही ऐका. आदल्या संध्याकाळी बुवा तिची कढई खरवडत होता, तेव्हा मी दारातच होतो. सकाळी ती गंजणार हे मला ठाऊक होतं. परत आल्यावर बुवाची फजिती करू म्हणून मी हसत कामावर गेलो. लोखंड पाप्याच्या घरी गंजतं तसंच पुण्यवंताच्याही घरी गंजतं. हे ज्याला कळतं त्याने तिथल्या तिथे, मोठ्याने बोलावं. मी बोललो नाही, आणि तिची बोटं आता मिटत नाहीत.