लाल म्हणजे जीभ

शेवटच्या रविवारी ताता ताटलीतले तळलेले नाकतोडे एकेक करून तोंडात टाकत होते आणि नाबोसा त्यांच्यासमोर बसून उत्तरपत्रिका तपासत होती. न्येंडोच्या त्या घरातल्या बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पाच लहान स्पीकर, ढोलाएवढा एक मोठा, डीव्हीडी प्लेअर, आणि कंपालाहून बसच्या टपावरून आलेला एक जुना अॅम्प्लिफायर, अजून चादरीत गुंडाळलेलाच.

"हॉल बंद पडला तर पडू दे," ताता म्हणाले. "आता घरातच थिएटर. सोफ्यावर बसायचं, चहा प्यायचा आणि मागच्या भिंतीतून हेलिकॉप्टर यायचं."

नाबोसा नुसती हसली. वडील बाजारामागच्या पत्र्याच्या व्हिडिओ हॉलमध्ये वीस वर्षं परदेशी सिनेमे लुगांडा भाषेत सांगत आले होते. पडद्याशेजारी स्टूल, हातात माइक, आणि वर जे काही इंग्रजी-चिनी चाललं असेल ते आपल्या भाषेत सांगत सुटायचं. खलनायक जवळच्या मासाका शहरातलाच एखादा चिक्कू दुकानदार व्हायचा, पोलीसप्रमुख व्हायचा कुणाचा तरी सासरा. लोक पोट धरून हसायचे. मग सिनेमे फोनवर आले आणि बाकडी रिकामी झाली.

"बाई, एक सांगा," ताता प्लेअरची केबल हातात नाचवत म्हणाले. "लाल पिन म्हणजे काय?"

"उजवा आवाज," ती मान वर न करता म्हणाली.

"ते तुमच्या पुस्तकात. आपल्या घरात पांढरी म्हणजे सिनेमा आणि लाल म्हणजे..." त्यांनी चक्क जीभ बाहेर काढली. जिभेला नाकतोड्याचा एक पाय चिकटला होता.

"ताता! शी!"

"विसरशील म्हणून दाखवली. चल, आज जोडून टाकू. माझे डोळे आता बारीक तारा बघत नाहीत."

"पुढच्या रविवारी नक्की. उद्या हे पेपर द्यायचेत."

"पुढच्या रविवारी तर पुढच्या रविवारी. स्पीकर काय पळून जातात?"

बुधवारी सकाळी त्यांनी दाढीसाठी पाणी तापत ठेवलं. पाणी उकळून आटून गेलं, तरी ताता खुर्चीतून उठले नव्हते.

दुखवटा उतरवायचा समारंभ पाच महिन्यांनी, एका शनिवारी ठरला. त्या दिवशी नाबोसाच्या भावाला वारस म्हणून सगळ्यांसमोर उभं करायचं आणि घर पुन्हा हसायला-बोलायला मोकळं करायचं. नाबोसा गुरुवारी दुपारीच घरी पोचली आणि बॅग ठेवून थेट टीव्हीच्या कपाटामागे शिरली.

"अगं, हे काय चाललंय?" टेओपिस्ता सेंगा दारात येऊन उभी राहिली. सेंगा म्हणजे आत्या, तातांची मोठी बहीण. या घरात तिचा शब्द शेवटचा. "उद्या सकाळी मंडपवाले येतायत. खोली रिकामी पाहिजे. ही खोकी शनिवारी तुझ्या भावाबरोबर म्बरारात जाणार आहेत."

"उद्या सकाळपर्यंत वेळ आहे ना, सेंगा?"

"केळी सोलायची आहेत, पानं पुसायची आहेत, आणि मास्तरीणबाई वायरी जोडणार!"

"मी त्यांना रविवार दिला होता," नाबोसा म्हणाली. "तो राहिलाय."

सेंगा वाकून कपाटामागे डोकावली आणि म्हणाली, "बाकी एक बरं झालं. शहरात गेल्यापासून मोठ्यांपुढे गुडघे टेकायला विसरली होतीस. स्पीकरपुढे का होईना, टेकलेस."

नाबोसाने आयुष्यात वायर सोलली नव्हती. वडिलांच्या दाढीच्या पात्याने तिने एकेका वायरीचं टोक तासलं, दोनदा बोट कापून घेतलं. प्रत्येक वायरीला तातांनी कागदी चिकटपट्टी लावून पेनाने खूण केली होती: 'खिडकी', 'देवाचा फोटो', 'टेओपिस्ता बसते तिथे'. लाल पट्टा लाल खाचेत, काळा काळ्यात. पाचही जोड झाले, तिने बटण दाबलं. हिरवा दिवा लागला, आत काहीतरी टक् वाजलं आणि दिवा गेला. पुन्हा दाबलं. टक्.

"बिघडलं?" सेंगाने आतून विचारलं.

"नाही."

"मग बोलत का नाही?"

"बोलेल."

तिने सगळे जोड सोडले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मोबाइलच्या उजेडात एकेक खाच पाहिली. चौथ्या जागी तांब्याचा केसाएवढा एक तंतू निसटून शेजारच्या खाचेला टेकला होता. अॅम्प्लिफायर स्वतःला वाचवायला बंद होत होता, एवढंच. तिने टोक पिळून घट्ट केलं. या वेळी दिवा टिकला.

कपाटात तातांची एकच डिस्क उरली होती. हॉलच्या शेवटच्या वर्षांत ते आपलं सांगणं रेकॉर्ड करून विकायचे. तिच्यावर त्यांच्या हाताने 'सेंटोंगो' हे स्वतःचं नाव लिहिलेलं होतं. नाबोसाने ती प्लेअरमध्ये सरकवली. पडद्यावर एक बंदर दिसलं, बोटी जळत होत्या. खिडकीकडच्या स्पीकरमधून संगीत आलं, गोळ्या आल्या, माणसं आली. सगळं इंग्रजीत. ताता कुठेच नव्हते.

सेंगा हात पुसत बाहेर आली. "वाजतंय की! झालं तुझं. ऊठ आता."

"यात ते नाहीत."

"असेल दुसरीच कुठली डिस्क. वाजवून दाखवलंस, शब्द पाळलास. पुरे."

पुरे झालं असतंही. पण देवाच्या फोटोखालचा स्पीकर मुका होता. नाबोसाने त्याला कान लावला, जोड तपासला. जोड पक्का होता. मग ती प्लेअरमागून केबल चाचपत आली. लाल पिनेच्या मुळाशी वायर आतून तुटली होती, बोटाने दाबली की लुळी पडायची.

लाल.

तिला ती बाहेर काढलेली जीभ दिसली. नाकतोड्याच्या पायासकट.

ती तेरा वर्षांची असेपर्यंत तातांच्या सिनेमातली प्रत्येक नायिका 'नाबोसा' असायची. नाबोसा विमानातून उडी मारायची, नाबोसा चोरांचे दात पाडायची. वर्गातल्या मुली विचारू लागल्या, आज किती मेले गं तुझ्या हातून? एका संध्याकाळी ती हॉलच्या दारात जाऊन सगळ्यांदेखत म्हणाली होती, "माझं नाव घेऊ नका. आणि ती माणसं असं काही बोलतच नसतात. तुम्ही खोटं सांगता." ताता फक्त "बरं" म्हणाले होते. त्यानंतर माइकवर त्यांनी ते नाव घेतलं नाही, आणि ती हॉलमध्ये जाऊन बसली नाही.

नाबोसाने प्लेअरच्या पांढऱ्या, म्हणजे सिनेमाच्या, खाचेतून चांगली पिन उपसली. बंदर गप्प झालं. तीच पिन तिने लाल, म्हणजे जिभेच्या, खाचेत दाबून बसवली.

"...अरे गाढवा, होडी पेटवलीस, आता घरी काय पोहत जाणार?" ताता म्हणाले.

सेंगाच्या हातातलं फडकं खाली पडलं. ती आपल्याच नावाच्या पट्टीशेजारी, सोफ्यावर, अलगद बसली.

पडद्यावर एक मुलगी गोदामाच्या छपरावरून धावत येत होती. ना संगीत, ना गोळ्या. नुसता तो जाडाभरडा, थोडा बसलेला आवाज.

"ही आली बघा. मंडळी, हिचं नाव मला पक्कं ठाऊक आहे, पण घ्यायला बंदी आहे. घेतलं की ही जेवत नाही. तेव्हा आपण नुसतं 'ती' म्हणू. फार शिकलेली आहे ती. मला म्हणते, तुम्ही खोटं सांगता. आता मला कुठलं कळतंय इंग्रजी? पण बघा ना, ती कशी पळतेय. अशी पोरगी तोंडाने काहीही म्हणाली तरी चालतं."

"मेला, मला कधी बोलला नाही," सेंगा पुटपुटली.

नाबोसा अजून गुडघ्यांवरच होती. खिडकीकडचा स्पीकर तिच्या चेहऱ्यासमोर होता. त्याच्या काळ्या जाळीवर तिने कापलेल्या बोटाचा हात ठेवला. आवाजाबरोबर जाळी थरथरत होती.

"ताता," ती मोठ्याने म्हणाली, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल एवढ्या मोठ्याने. "मी आत यायचे नाही, पण मागच्या पत्र्याला पाठ लावून उभी असायचे. रोज. नाव परत येतंय का, ते ऐकायला. घ्या आता. माझं नाव घ्या."