कोऱ्या कापडाचे लंगोट

"घे नं, दादा. धुऊन धुऊन पार लोन्यासारखं जालंय." गोजराने घडी केलेले लुगडे दारातूनच पुढे केले. "याचं लंगोट केलंस तं पोरीला कशी झोप लागंल बग."

किसनने शिलाई मशीनच्या चाकावर हात ठेवून ते थांबवले. पण तो उठला नाही. शेजारी चटईवर त्याची नात मैत्री दोऱ्याचे रिकामे रीळ तोंडात कोंबण्याच्या खटाटोपात होती.

"राहू द्या, गोजराताई. कापड हाय माझ्याकडं."

"ती तारपत्री?" गोजरा हसली. "पोरीला काय टेंपोमदी भरून पाठवनार हायेस?"

किसनही हसला. "ताडपत्री कुठं? सुती हाय. आन् नवं हाय, कोरं. कुनाच्या अंगाला लागलेलं नाही."

"आरं, म्हनून तं सांगतंय. लेकराला अंगाला लागलेलंच बरं असतं."

"नको ताई."

शेवटचा नकार त्याच्या तोंडून जरा जोरात निघाला. गोजराने भुवया उंचावल्या, लुगडे काखेत मारले आणि "रावला तं रावला" म्हणत ती जिना उतरली. रबाळे गावातल्या या चार मजली इमारतीची ती मालकीण. तिच्या सासऱ्याची भातशेती कारखान्यांखाली गेली, आणि उरलेल्या अंगणावर तिच्या नवऱ्याने ही इमारत चढवली. नवरा गेल्यावर ती भाडेकरूंच्या दारांत उभी राहून त्यांच्या संसारांत लक्ष घालण्यात दिवस काढी. तिच्या मनात लुगडे देताना मायेवाचून काहीही नव्हते. देणाऱ्याला देण्याचा इतिहास पाठ करावा लागत नाही. ते काम घेणाऱ्याकडे असते.

किसनने तो इतिहास तिसरीत पाठ केला होता. परभणीकडच्या त्याच्या गावात त्याची आई ज्या घरची बाळंतपणे काढी, धुणी धुई, त्या घरून सणासुदीला जुन्या कपड्यांचे गाठोडे मिळे. त्यातला एक सदरा घालून तो शाळेत गेला, आणि त्या घरच्या मुलाने तो भर वर्गात ओळखला. खात्री पटावी म्हणून त्याने किसनला पाठमोरा उभा केला. खांद्याखाली शाईचा डाग होता, तो मुलाने बोट ठेवून सर्वांना दाखवला. गुरुजी सुसंस्कृत होते. त्यांनी कुणालाही मारले नाही. ते नुसते हसले आणि पुढचा धडा काढायला सांगितला. ही हकीकत किसनने पुढे फक्त केशरबाईला, आपल्या बायकोला, सांगितली होती. तिनेही तिच्या गावची एक सांगितली होती. मग दोघांनी मिळून ठरवले, की आपल्या लेकीच्या अंगाला परक्याचा उतरलेला धागा लागू द्यायचा नाही, आणि का लागू द्यायचा नाही हेही तिला कधी कळू द्यायचे नाही. त्यांची संघप्रिया वर्षात दोनच फ्रॉक वापरत वाढली. पण दोन्ही कोरे.

केशरबाई कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. तिचे पातळ-लुगडे संसर्गाच्या धास्तीने जाळून टाकण्यात आले. आता ती हकीकत जाणणारे दुसरे माणूस जगात उरले नव्हते.

किसनची सारी नोकरी रबाळ्याच्या एका कारखान्यात गेली, गाळणीच्या पिशव्या शिवण्यात. रसायन वाहून जावे आणि गाळ अडकून राहावा, एवढ्यासाठी जाड्याभरड्या कापडाच्या पुरुषभर उंचीच्या पिशव्या लागतात. त्या तो शिवी. कारखान्यात तो शेवटच्या दिवसापर्यंत 'ए किसन' होता. निरोप समारंभात मात्र तासाभरापुरता 'किसनराव' झाला. त्या तासाच्या आठवणीदाखल शाल, नारळ आणि रद्द झालेल्या मागणीतले उरलेले पांढरे सुती कापड मिळाले. ते त्याने प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवले होते. मैत्रीचा जन्म झाला तेव्हा ते कशासाठी राखले होते याचा त्याला उलगडा झाला.

संघप्रिया ऐरोलीच्या एका कंपनीत कामाला होती. तिची बाळंतपणाची रजा संपली तेव्हा कार्यालयाच्या तळमजल्यावरच काचेचे पाळणाघर तयार होते, कॅमेऱ्यांसकट. किसनने तेव्हा आयुष्यात प्रथमच लेकीकडे काही मागितले.

"माझ्याकडं ठेव की. मी काय करतो दिवसभर?"

"पप्पा, तुमाला झेपेल?"

"न झेपायला काय झालं? तू झेपलीस की."

संघप्रिया विचारात पडली, नवऱ्याशी, आकाशशी बोलली आणि म्हणाली, "महिनाभर बघू. जमलं तर तुमच्याकडंच. नाहीतर खाली आहेच." कापडी लंगोटांना तिची हरकत नव्हती. मधल्या काळात ही वस्तू गरिबीतून निघून पर्यावरणात दाखल झाली होती, आणि तिच्या कार्यालयातल्या बायका लंगोटांविषयी आदराने बोलत.

असे त्याचे घर पुन्हा बोलू लागले. केशरबाईच्या पश्चात तो टीव्ही लावून ठेवी, पाहण्यासाठी नव्हे, तर भिंतींनी गप्प बसू नये म्हणून. आता टीव्ही बंद आणि त्याचे तोंड सुरू. "हे बघ मैतरबाई, ही सुई. हिला हात लावायचा नाही. ही चावती." मैत्री गंभीरपणे ऐके आणि मग लंगोट भिजवी. तो लगेच दुसरा बांधी. मागे तीन पदर, पुढे दोन, कडेला गाठीसाठी नाड्या. लंगोट तो पाण्यात उकळी, गच्चीत वाळत घाली. खाडीवरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने ते वाळत, पण मऊ होत नसत. तासाभरात पापडासारखे ताठ उभे राहत. त्याला ते ताठ उभे राहणेच आवडे.

एका संध्याकाळी संघप्रियाने एक पिशवी आणली. "गीतांजलीनं दिलेत, माझ्या बाजूलाच बसते ना ती. तिच्या मुलाचे कपडे. ब्रँडेड आहेत पप्पा, आणि वापरलेले म्हणजे एकदम सॉफ्ट. आमच्याकडे सगळ्याजणी एकमेकींना देतात."

किसनने पिशवी घेतली, वर बघितले आणि ती माळ्यावर सरकवली.

"अहो, वर काय टाकताय? घालायला आणलेत."

"घालू की. मोठे होतील अजून."

"तिला बरोब्बर होतील ते!"

"तू हात धू. चहा टाकतो."

दुसऱ्या आठवड्यात मैत्रीच्या जांघेत लाली आली. किसनने खोबरेल लावले आणि लंगोटाची गाठ सैल केली. दोन दिवसांत लालीचे चट्टे झाले. मग कातडी सोलवटली, आणि शनिवारी लंगोट सोडताना मैत्री अशी किंचाळली, की गोजरा खालून धावत आली.

"आग रं माजे बाय! दादा, यो कापर घासतंय तिला. सांगलं व्हतं का नव्हतं?"

किसनने लेकीला फोन केला.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी लंगोट बोटांच्या चिमटीत चोळून पाहिला. "हे कसलं कापड आहे? नवं? अहो आजोबा, बाळाला इतकं जाड आणि कोरं कापड चालत नाही. घरात कुणाची जुनी साडी नव्हती?"

"होती," संघप्रिया म्हणाली. "खालची गोजरामावशी घरी आणून देत होती. आत्ताच मला म्हणाली ती."

परतताना रिक्षात मैत्री आईच्या खांद्यावर हुंदके देत झोपली. संघप्रियाचा आवाज चढला नाही. चढला असता तर किसनला सोपे गेले असते.

"पप्पा, का नाही घेतलं तुमी?"

तो रस्त्याकडे पाहत होता.

"गीतांजलीचे कपडे पण वर टाकून ठेवलेत. मला फक्त कारण सांगा. मी चिडणार नाही. काहीतरी कारण असेल ना?"

कारण होते. ते त्याच्या जिभेवर आले. सदऱ्यासकट, डागासकट, गुरुजींच्या हसण्यासकट. एवढे एक वाक्य बोलले असते तर ती समजली असती. कदाचित रडली असती आणि नात त्याच्याकडे राहिली असती. पण त्यानंतर गीतांजलीने काही पुढे केले, की ते घेण्याआधी संघप्रियाचा हात पळभर थबकला असता. कोण देते आहे, का देते आहे, मागे कोण हसते आहे, हे तिने पाहिले असते. आज ती पाहत नव्हती. दुसऱ्याच्या डब्यातला घास, दुसऱ्याच्या मुलाचा सदरा ती सहज उचलत होती. तो सहजपणा नवराबायकोने टाक्याला टाका लावून शिवला होता, उलट्या बाजूने एकही गाठ दिसू न देता. आता तो स्वतःच्या हाताने उसवायचा?

"सुचलं नाही," किसन म्हणाला.

संघप्रियाने आकाशला फोन लावला. "हो, आता बरी आहे. नाही रे, त्यांचा दोष नाही. वय झालंय. त्यांना नाही होत आता." फोन ठेवून तिने बापाच्या मनगटावर हात ठेवला. "सोमवारपासून ऑफिसच्या खालीच ठेवते तिला. तुमाला पण आराम. वाईट नका वाटून घेऊ."

"नाही गं. बरंच हाय ते."

सोमवारी मशीन झाकलेले पाहून गोजराने विचारले, "पोर नाय आली?"

"तिकडं ठेवली. काचेचं हाय. गारेगार."

"आनि तू?"

"मी काय? हाय की."

गोजरा उंबऱ्यावर टेकली. तिच्याजवळही सांगण्यासारखे काही नव्हते, म्हणून ती बराच वेळ बसली.

पुढच्या रविवारी संघप्रिया आली. मैत्रीने त्याला पाहताच दोन्ही हात उंचावले. तिची कातडी भरून आली होती, वजनही वाढले होते. त्याने तिला उचलले, खांद्याशी घेतले, आणि त्याचा तळवा सवयीने तिच्या बुडाखाली गेला. हाताला एक फुगीर, गुळगुळीत गादी लागली. त्याने तळवा जरा दाबला, मग बोटे सरकवून दुसऱ्या बाजूने पाहिले. ती भिजली आहे की नाही, हे बाहेरून काही केल्या कळेना.

"बघू नका पप्पा, रात्रभर टिकतं ते डायपर," संघप्रिया चपला काढत म्हणाली. "तुमाला काही करावं लागणार नाही."

"व्हय का," तो म्हणाला.

मैत्रीने मान त्याच्या गळ्याशी टेकवली आणि डोळे मिटले. संघप्रिया आत जाऊन चहाचे आधण ठेवू लागली. तो खोलीच्या मध्यावर नातीला घेऊन उभा राहिला, आणि तळवा त्याने तिथून काढला नाही.