जी प्लेट कोरी राहायला हवी होती

“काका, अँटिबायोटिक घालायचं राहून गेलं का?”

संशोधन करणाऱ्या ताईंनी एवढंच विचारलं आणि मी तीनताड उडालो. चोवीस वर्षं या प्रयोगशाळेत जिवाणूंसाठी आगर, म्हणजे त्यांचं जेलीसारखं खाद्य, शिजवतोय. बायको मला जंतूंचा आचारीच म्हणते. आणि म्हणे, राहून गेलं!

पण समोरची प्लेट नाकारता येत नव्हती. ताईंनी जिवाणूंमध्ये बाहेरचा डीएनए घातला होता. तो ज्यांनी घेतला तेच अँटिबायोटिकमध्ये तगणार, आणि प्लेटमध्ये विशिष्ट साखर असली की त्यांच्यातला नवा जीन सुरू होऊन ते हिरवे चमकणार. डीएनए न दिलेल्यांची प्लेट मात्र कोरी राहायला हवी होती. तिच्यावर सायीसारखा दाट थर आला होता. ही तिसरी खेप. महिनाअखेरीला ताईंच्या प्रकल्पाची मुदत संपत होती.

“तुमच्या डोळ्यांदेखत करतो, मग बोला,” मी म्हणालो. जरा चढ्या आवाजातच.

ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे जंतू मारणाऱ्या वाफेच्या कुकरमधून, काढलेली आगरची बाटली थोडा वेळ टेबलावर ठेवली. फार गरम आगरात अँटिबायोटिक वाया जातं, हे मला कुणी शिकवायला नको. हाताला सोसेल इतकी बाटली निवली की मगच घालायचं. काकांचा हात म्हणजे थर्मामीटर, असं प्रयोगशाळेचे सर नव्या मुलांना सांगतात. मी बाटली मुठीत धरली. छान कोमट लागली. आता घालतो, म्हणालो.

ताईंनी बाटलीला बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं.

“काका, सोडा ती. भाजतेय.”

नव्या पोरी नाजूकच, असं मनात म्हणत मी बाटली गालाला टेकवली. असा चटका बसला की डोळ्यांत पाणी आलं.

मी हादरलो. माझे मधुमेहाचे डॉक्टर दर खेपेला पाय बधिर झालेत का ते तपासतात. हाताच्या बोटांना मुंग्या येतात, हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. मूठ उघडली. तळवा लालबुंद झाला होता आणि दुखत काहीच नव्हतं.

“म्हणजे तिन्ही वेळा मीच गरम आगरात अँटिबायोटिक घातलं...”

ताई रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी नळ सोडला आणि माझा हात धारेखाली धरला.

“पाणी गार आहे ना, काका?”

मी वाकून गाल धारेला लावला.