न छापलेलं विष

पावाला लोणी लावता लावता सुनेने सहज विचारलं, "बाबा, तळ्याकाठचा आणखी एक कुत्रा मेला. काल आमच्याकडे तपासायला आला होता. तुम्हाला पाण्यात काही सापडलंय का?"

सासऱ्यांनी समोरच्या लॅपटॉपचं झाकण हळूच खाली केलं. मग चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "छापून आल्यावर वाच."

शेजारी बसलेला त्यांचा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, उकडलेलं अंडं सोलत होता. तो बापाच्याच प्रयोगशाळेत कामाला होता. पाण्यात काय सापडलं ते त्यालाही ठाऊक होतं, पण त्याने मान वर केली नाही.

गावात सासऱ्यांना सगळे 'तळ्याचे सर' म्हणत. गावालगतच्या मोठ्या तळ्याचं पाणी ते वर्षानुवर्षं तपासत आले होते. पाण्याचे नमुने कुलूपबंद फ्रिजमध्ये आणि किल्ली सरांच्या खिशात. पुरलेल्या धनावर नाग बसावा तसे ते आपल्या आकड्यांवर बसलेले असत. सून त्याच संस्थेत होती, पण प्राण्यांच्या रोगांच्या विभागात. मेलेली बदकं, कुत्री, मासे कापून ते कशाने मेले हे शोधायचं, हे तिचं काम. दोन्ही विभागांत एक जिना आणि एक कॅन्टीन एवढंच अंतर, पण ताकास तूर लागू द्यायची नाही अशी तिथली रीत. सुनेच्या विभागप्रमुख बाई तर स्पष्टच म्हणत, "आपल्या सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या पाणीवाल्यांना दाखवायच्या नाहीत. उद्या ते स्वतःच्या नावावर छापतील."

या रीतीला सगळे शिस्त म्हणत. कुणाला तिची किळस येत नव्हती. सुनेलाही अजून आली नव्हती. 'मोठ्या माणसांचं असंच असतं' म्हणून तिने दुसरा पाव घेतला.

सरांना मुलीही होत्या, पण घरी राहणारी एकच, सगळ्यांत धाकटी. शाळेत मुलांना खेळ शिकवायची आणि रोज सकाळी तळ्यात पोहायची, म्हणून तिला सगळे मासोळी म्हणत. पोहण्यातले तिचे जोडीदार होते पोस्टमनकाका. निवृत्त झाल्यावर ते तळ्याकाठी राहायला आले होते. दोघं शर्यत लावत, काका हरत आणि म्हणत, "आयुष्यभर पायी फिरलो गं, हातांना सवय नाही."

हेच काका वसंत संपता संपता अचानक पिवळे पडले आणि गेले. डॉक्टरांनी यकृत निकामी झाल्याचं सांगितलं. मग गावाला काय, बोलायला कुठे पैसे पडतात? लोक म्हणाले, चोरून पीत असणार. काकांनी जन्मात दारूला तोंड लावलं नव्हतं. काकू शेजारणींना ते सांगत राहिल्या आणि शेजारणी माना डोलवून घरी जाऊन हसत राहिल्या. सर अंत्ययात्रेला गेले होते. नंतर काकूंना भेटायलाही गेले.

मासोळी मात्र पोहत राहिली. पाण्यावर कडेकडेने हिरवा रंग सांडल्यासारखी साय धरली होती. साय हाताने बाजूला सारून ती पुढे जायची.

एके दिवशी शाळेच्या मैदानावरच ती ओकली. दोन दिवसांत तिचे डोळे हळदीसारखे झाले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी खाण्यापिण्याचं विचारलं, औषधांचं विचारलं, मग घुटमळत दारूचं विचारलं. शेवटी यकृताचा तुकडा काढून तपासला. त्याचा अहवाल वहिनीने, म्हणजे सुनेने, हातात घेतला आणि दोनदा वाचला. पेशी कशा मेल्या, रक्त कुठे साकळलं, सगळं वर्णन तिच्या ओळखीचं होतं. कुत्र्यांच्या यकृतात तिने हेच पाहिलं होतं, तेही कितीदा तरी.

सर व्हरांड्यात उभे होते. ती त्यांच्यासमोर गेली.

"बाबा, तळ्यात शेवाळाचं विष आहे का?"

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"तुमची मुलगी आत आहे. हो की नाही, तेवढं सांगा."

सरांनी आधी व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. मग डॉक्टरांना खांद्याला धरून कोपऱ्यात नेलं. सून मागोमाग गेली, म्हणून पुढचं तिला ऐकू आलं. सरांनी विषाचं नाव सांगितलं, पाण्यात ते किती आहे तेही सांगितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हे तुमच्या-माझ्यात ठेवा, डॉक्टर. अजून छापलेलं नाही."

पोटची पोर आत जीव मुठीत धरून पडली होती आणि बापाला काळजी आकडे फुटण्याची.

विष कळल्यावर उपचारांना दिशा मिळाली. मासोळी वाचली. पण यकृत पूर्वीसारखं होणार नाही, पोहणं आणि धावणं विसरायचं, असं डॉक्टरांनी बजावलं. ती घरी आली ती पायऱ्यांवर दोनदा टेकून.

आठवडाभराने सर तिच्या खोलीत आले. सोबत मुलगा होता. सून उशाशी फळ चिरत होती.

"तुझी एक सही हवी," सर म्हणाले. "तुझ्या तपासणीचा अहवाल लेखात घालायचा आहे. या विषाची इथली पहिली मानवी केस आहे ही. लेखाचं वजन कुठल्या कुठे जाईल." मग सुनेकडे वळून म्हणाले, "तुझी कुत्रीसुद्धा घेऊ. तुझं नाव दुसऱ्या क्रमांकावर. तुझ्या बाईंशी मी बोललोय. फक्त छापून येईपर्यंत हाताची घडी, तोंडावर बोट."

त्यांच्या डोळ्यांत चमक होती. सुनेला ती दिसली आणि तिने सुरी खाली ठेवली. रोज सडलेली आतडी हाताळणाऱ्या बाईला त्या स्वच्छ, इस्त्रीच्या शर्टातल्या माणसाची किळस आली.

मासोळीने शांतपणे विचारलं, "बाबा, वसंतात तुम्ही मला म्हणाला होतात, तळ्यात नको जाऊस, क्लबच्या पोहण्याच्या तलावात जात जा. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"म्हणून तर सांगितलं. तू ऐकलं नाहीस."

"कारण का नाही सांगितलंत?"

"तुझ्या पोटात तीळ भिजत नाही. गावभर झालं असतं."

"पोस्टमनकाका तेव्हा जिवंत होते."

सुनेचा नवरा समजुतीच्या सुरात म्हणाला, "बाबांचं आयुष्यभराचं काम आहे गं. अजून एक उन्हाळा मोजला की मालिका पूर्ण होते."

"म्हणजे अजून एक उन्हाळा लोकांनी त्यात पोहायचं," मासोळी म्हणाली. "दादा, तुलाही माहीत होतं." तिने सहीचा कागद वडिलांकडे सरकवला. "माझं यकृत माझं आहे. ते तुमच्या लेखात जाणार नाही. सगळे आकडे आज सगळ्यांसाठी खुले करा, मग मागा."

"मूर्ख आहेस. कष्ट माझे आणि नाव भलत्याचं होईल."

"काकांचं नाव तर दारुडा म्हणून झालंय, बाबा."

सर खोलीबाहेर गेले. मुलगाही त्यांच्यामागून गेला. चिरलेलं फळ तसंच काळं पडत राहिलं.

सुनेने त्याच दुपारी कचेरीत बसून आपल्याकडची सगळी माहिती, कुठला प्राणी कुठे सापडला, कधी सापडला, यकृताची छायाचित्रं, सगळं जगातल्या कुणालाही वाचता येईल अशा सार्वजनिक संग्रहात ठेवून दिलं. बाईंना कळायला वेळ लागला नाही. "चोरी आहे ही," त्या म्हणाल्या. सून म्हणाली, "कुत्री तुमची नव्हती, बाई." तिला घरी बसवण्यात आलं. नवरा म्हणाला, "माझा तरी विचार करायचास." तिने तो केला होता. म्हणूनच ती त्याच्या खोलीतून सामान घेऊन मासोळीच्या खोलीत राहायला गेली.

दूरच्या एका शहरात एक बाई उपग्रहाची छायाचित्रं अभ्यासत होती. हे तळं दर उन्हाळ्यात हिरवं होतं, हे तिला दिसत होतं, पण त्याने कुणाचं काय बिघडतं ते कळत नव्हतं. सुनेच्या प्राण्यांच्या तारखा तिने आपल्या चित्रांवर मांडल्या. जिथे हिरवं, तिथेच मेलेले. तिने ते लगेच सगळ्यांसाठी लिहिलं आणि नगरपालिकेलाही कळवलं. पालिकेने पाणी तपासून घेतलं, काठाला दोर बांधले, फलक लावले. सरांना ज्यासाठी आणखी एक उन्हाळा हवा होता, ते दोन अनोळखी बायकांनी आपापली अर्धी माहिती समोर ठेवल्यावर आठवड्यात झालं.

फलक लागले त्या दिवशी नणंद-भावजय काकूंकडे गेल्या. मासोळीने सगळं सांगितलं.

"सरांना कधी कळलं होतं?" काकूंनी विचारलं.

मासोळीला खोटं बोलता आलं असतं. "काका जायच्या आधी," ती म्हणाली.

"नंतर घरी आले होते ते. इथेच बसले होते. मी म्हटलं, लोक असं असं बोलतात हो सर. तर माझा हात हातात घेऊन म्हणाले, लोकांकडे लक्ष देऊ नका."

काकू उठल्या, मोरीशी गेल्या आणि साबण घेऊन हात धुऊ लागल्या. नळ बराच वेळ चालू होता.

सरांचा लेख पुढे छापून आला. मासोळीशिवाय. त्यांचा सत्कार झाला, भाषणात त्यांनी आपल्या संयमाची गोष्ट सांगितली आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत तुमच्या-माझ्यासारखे पुष्कळ होते. सून आता दुसऱ्या गावातल्या लहानशा प्रयोगशाळेत आहे. तिथे मेलेला प्राणी आला की त्याची नोंद त्याच दिवशी सगळ्यांना दिसते. मासोळी तिच्याजवळ राहते आणि मुलांना काठावर बसून पोहायला शिकवते.

तुमच्या गावातही एखादं तळं, नदी, विहीर असेल, आणि कुणीतरी हुशार माणूस तिचं पाणी मोजत असेल. त्याला गाठून विचारा, काय सापडलं. उत्तर देण्याआधी तो व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना बघू लागला, तर तिथून हलू नका.