ऑर्विलची दुरुस्ती

दार लागत नाही म्हणून आठवडाभर बंद पडलेला मायक्रोवेव्ह आज अचानक सुरू झाला, तेव्हाच व्हर्नाला संशय आला. दाराच्या कडेला रुपेरी चिकटपट्टी होती. ट्रकच्या आरशापासून चष्म्याच्या दांडीपर्यंत नवऱ्याने सगळं त्याच पट्टीवर तगवलं होतं.

"काय केलंस रे याला?"

"काही नाही. दार उघडं असलं की मशीन बंद ठेवणारा आतला खटका दाबून ठेवलाय. एकदम सेफ आहे."

ऑर्विलने सूप ठेवलं, बटण दाबलं आणि ट्रकचं ऑइल बघायला गॅरेजकडे निघाला. डुलुथच्या असल्या थंडीत! सकाळी कॉफी तापवतानाही त्याला नेमकं ऑइलच आठवलं होतं.

व्हर्ना लांबूनच वाकली. दाराला बोटभर फट होती, तरी आत दिवा जळत होता आणि घरघर चालू होती.

"ऑर्विल! इकडे ये आणि सूप तापेपर्यंत त्याच्यासमोर उभा राहा."

"आता? कशाला?"

"सेफ आहे ना?"

ऑर्विल दारातच घुटमळला. मग भिंतीला चिकटून सरकत सरकत आला आणि त्याने प्लग उपसला.