वाळू नये म्हणून

वैशाखातल्या दुपारी जाफराबादच्या आमच्या घरात पहिली जाग येई ती मायच्या बांगड्यांना, आणि त्यांच्यामागोमाग कळशीतून ओघळणाऱ्या पाण्याला. आधी दारातली सदाफुली, मग चिमण्यांच्या पाण्याचा मातीचा परळ, मग कोंबड्यांची कुंडी. जे जे वाळत असेल त्याला थोडं थोडं देऊन झालं की उरलेला घोट ती स्वतः पिई. नळ कधी येईल याचा भरवसा नसलेल्या गावात मला ही निव्वळ उधळपट्टी वाटायची, आणि मी तसं बोलूनही दाखवायची. ती हसायची आणि परळ भरायची.

तिचा हात कुठेच परका नव्हता. कापूस वेचून खरखरीत झालेली ती बोटं दिसेल त्या वस्तूची विचारपूस करत घरभर फिरत: शेजारणीच्या लेकराचं तापलेलं कपाळ, डब्याचं वाकडं बसलेलं झाकण, माझ्या पुस्तकाचं दुमडलेलं पान. मी निजलेली असताना ती माझ्या केसांना तेल लावून जाई, आणि मला ते उठल्यावर उशीवर कळे. मी कुरकुरायची, कारण अभ्रे धुवायचं काम माझ्याकडे होतं.

आता मी संभाजीनगरला एका प्रयोगशाळेत काम करते. हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या फ्युएल सेलच्या मधोमध पॉलिमरचा एक पातळ पडदा असतो. तो मी घडवते. काचेवर द्रावण ओतायचं, ते सावकाश सुकू द्यायचं, आणि सोलून काढलेला पडदा मग जन्मभर ओला ठेवायचा. ओल आहे तोवरच तो आपलं काम करतो. किती पडदे चिरले, किती सुरकुतले. यंदा एक धड निघाला. उन्हाळ्याच्या सुटीत तिथे त्याच्याकडे बघायला कोणी नव्हतं, म्हणून शुद्ध पाण्याच्या डब्यात घालून मी तो घरी आणला.

त्या उन्हात डब्यातलं पाणी आटलं. मी झोपले होते. मायनं झाकण उघडून पाहिलं आणि कळशीतलं बोअरचं पाणी त्यात ओतलं. आमच्या पाण्यात चुना फार. तो पडद्यात जाऊन बसला की वीज अडते.

"कडा वाळून राह्यल्या होत्या, बाई. म्हनून घातलं जरासं," ती म्हणाली.

माझं डोकं लवकर तापतं. "अडाण्यासारखं दिसेल त्याला हात कशाला लावतीस?" मी ओरडले. "वर्षाचं काम घालवलंस माझं."

"न्हाई लावनार," ती म्हणाली, आणि कोरडाच हात तिनं पदराला पुसला.

पडदा गेला नव्हता. सौम्य आम्लात उकळला, शुद्ध पाण्यात पुन्हा पुन्हा धुतला, की चुना निघून जातो. परतल्यावर मी तेच केलं आणि पडदा पूर्वीसारखा झाला. असं करता येतं, हे मला ओरडतानाही माहीत होतं. फोनवर मी तिला सांगितलं, "माय, बिलकुल काही बिघडलं नाही." ती म्हणाली, "बरं झालं, बाई." पण मी जे बोलले होते ते कुठल्या आम्लात उकळायचं?

दिवाळीला गेले, तेव्हा कापूस घरात आला होता आणि ओसरीवर कोवळं, पिवळं ऊन पसरलं होतं. परळ भरलेला होता, सदाफुली फुललेली होती. माझी बॅग मात्र दोन दिवस मी ठेवली होती तिथेच, तशीच वाकडी पडून होती. पाण्याचा रिकामा पेला उचलायलाही माय उंबऱ्यात थांबायची आणि विचारायची, "हे उचलू का?"

निघायच्या सकाळी मी केस मोकळे सोडून तिच्यापुढे बसले आणि तेलाची वाटी जवळ सरकवली. बराच वेळ मागे नुसत्या बांगड्या वाजत राहिल्या.

"हात लावू का, बाई?"

"लाव ना, माय. विचारतीस काय?"

तिनं हात लावला. तीच बोटं, तोच खरखरीतपणा. तरी झोपेतल्या माझ्या केसांत न विचारता शिरणारा जो हात होता, तो आता फक्त मला आठवतो, आणि माय माझ्या पाठीशी बसलेली असतानाच मला तिची आठवण येते.